पालावरच्या पोराला शाळा नाही म्हणाली तर काय करायचं

ठाण्यातला तीन हात नाका असो नाहीतर नवी मुंबईत तुर्भ्याकडचा रस्ता, पुलाखाली पालं टाकून राहणारे पारधी, वैदू, मसणजोगी आपण रोज बघतो. त्यांच्यातलं एखादं पोर शाळेत घालायचं मनावर घेतलं असेल तर हे वाचा. मी कळव्याकडे दोन भावंडांसाठी हे केलंय आणि पहिल्यांदा माझं चुकलंच.

चूक अशी की त्यांच्या आईला मी एकटीला पाठवलं. तिला गेटवरूनच सांगितलं जन्मदाखला आणा, मग आम्ही दोन महिने त्या दाखल्यामागे फिरत बसलो, ज्याची गरजच नव्हती! शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 14 स्पष्ट सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पोर नऊ वर्षांचं असेल आणि कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला पहिलीत लहान पोरांबरोबर बसवायचं नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेलं वेगळं शिकवायचं, हे कलम 4. जून उलटून गेला तरी जा.

तर सोबत जा, आणि तोंडी बोलून परत येऊ नका. साधा अर्ज करा, दोन कॉपी, एकीवर शिक्का, तारीख, सही. शिक्का देत नसतील तर तिथून निघून तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. नाही म्हणायचं असेल तर सर लेखी द्या, एवढंच शांतपणे म्हणायचं. बऱ्याचदा इथेच काम होतं, कारण "ही लोकं चोऱ्या करतात, बाकीचे पालक ओरडतील" हे कागदावर लिहायला कोणी धजत नाही. तरी अडलं तर पालिकेचा शिक्षण विभाग, मग राज्य बालहक्क आयोग.

कागदाचा एवढा आग्रह का धरते ते सांगते. युरोपातले रोमा लोक मुळात आपल्याकडूनच गेलेले, नाकाला अजून नाक आणि पाण्याला पाणीच म्हणतात. चेक देशात ओस्त्रावा शहरात त्यांची धडधाकट पोरं मतिमंदांच्या शाळेत घालायचे. 18 पोरांच्या वतीने केस झाली, शहरातल्या शाळांचे आकडे गोळा केले तेव्हा दिसलं की रोमा पोर त्या शाळेत जायची शक्यता इतरांच्या 27 पट होती. 2006 मध्ये हरले, पुन्हा लढले, 13 नोव्हेंबर 2007 ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकले. आकडे आणि कागद नसते तर कोण ऐकणार होतं त्यांचं?

दुसरा त्रास पोलिसांचा. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण आजही आसपास चोरी झाली की आधी पालावर गाडी येते. कोणाला उचललं तर कोणत्या ठाण्यात नेलं, किती वाजता, कोण आलं होतं हे लगेच लिहून ठेवा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. 15100 या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की विमुक्त जमातीच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या लोकांना मनमानी अटक करू नका, ते वकिलाला आठवण करून द्या.

जात मात्र नीट विचारून घ्या. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात म्हणून त्यांना ॲट्रॉसिटी कायदा लागतो, वैदू आणि मसणजोगी भटक्या जमातीत, त्यांना लागत नाही. त्यांच्यासाठी राज्य मानवी हक्क आयोग, तिथे वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

जमलं तर मोठ्यांची मतदार नोंदणी पण करा. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. म्हणून अर्ज भरला की वस्तीत सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, रात्री कोणी नाव विचारत आलं तर पोलीस समजून पळू नका, ओळखपत्र बघा आणि नाव सांगा.