शिडाच्या होडीचे जुने इंजिन बदलताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) किंवा कपलिंग (इंजिनाची बाजू आणि शाफ्ट जोडणारा सांधा) करून घेण्यासाठी मालवण-रत्नागिरीकडचे होडीमालक घाट चढून येतात, तेव्हा बहुतेकांनी नवे इंजिन आधीच विकत घेतलेले असते; शाफ्टचा व्यास, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर), गिअरबॉक्सचे गुणोत्तर आणि इंजिनाच्या बेडची उंची मात्र कोणीच मोजून आणलेली नसते. हा क्रम उलटा आहे. जुने इंजिन जागेवर असतानाच ही सगळी मापे आणि पंखा फिरण्याची दिशा कागदावर उतरवावी, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

जास्त अश्वशक्ती घेतली की होडी जास्त पळेल, ही समजूतही सोडावी. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीने बांधलेला असतो. ही लांबी २५ फूट असेल, तर सुमारे ६.७ नॉटच्या पुढे दुप्पट ताकदीचे इंजिनही वजन आणि डिझेलचा खर्चच वाढवते.

आमच्या भागात शेतीपंपाची डिझेल इंजिने सहज आणि स्वस्त मिळतात, म्हणून तेच होडीत बसवण्याचा आग्रह वारंवार होतो. त्याला माझा ठाम विरोध आहे. शेतातले इंजिन सपाट ओट्यावर चालते, तर शिडाची होडी वाऱ्याने कलते. त्या कलात तेल चेंबरच्या एका बाजूला जाते, तेलपंपाची नळी कोरडी पडते आणि बेअरिंगे जळतात. पंखा होडीला पुढे ढकलतो तो जोर पेलणारे थ्रस्ट बेअरिंग मरीन गिअरबॉक्समध्ये असते. पंपाच्या इंजिनाला तो गिअरबॉक्स नसतो आणि रिव्हर्सही नसतो. शिवाय समुद्राचे पाणी थेट जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत फिरवले, तर बीड (ओतीव लोखंड) आतून खाल्ले जाते. वाचवलेले पैसे अशा रीतीने दुरुस्तीतच जातात. समुद्राच्या पाण्यासाठी साध्या पितळेचे व्हॉल्व्ह वापरणेही तितकेच घातक आहे, कारण खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि उरलेला लालसर, ठिसूळ धातू हाताच्या जोरानेही तुटतो. तिथे गनमेटल, म्हणजे तांबे-कथलाचा मिश्रधातूच हवा.

सर्वाधिक नुकसान मात्र अलाइनमेंटच्या, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याच्या घाईने होते. एका मालकाने होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर असतानाच कपलिंग जुळवून बोल्ट आवळले, आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासण्याचा माझा सल्ला हंगाम जवळ आला म्हणून टाळला. पाण्यात गेल्यावर सांगाड्याचा आकार किंचित बदलतो, कारण ओंडक्यांचा आधार सुटून सगळा भार पाण्यावर येतो. त्या होडीत आधी थरथर जाणवली, मग शाफ्ट होडीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून पाण्याची धार लागली, आणि अखेर भर समुद्रात इंजिनाच्या माउंटिंगचा बोल्ट तुटला. वारा होता म्हणून शिडावर परत येता आले. शाफ्ट उद्यमनगरात आला तेव्हा बेअरिंगच्या जागी तो एका बाजूने घासून गेला होता. होडी तरंगू लागल्यावर दोन दिवस थांबावे, कपलिंगचे बोल्ट काढावेत आणि त्याच्या दोन फ्लँजमधली (समोरासमोरच्या चकत्यांमधली) फट फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे मोजावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजवर हा फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणावा. मी शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवून हेच माप पुन्हा घेतो, कारण वाकलेला शाफ्ट त्याशिवाय कळत नाही. या कामात नजरेचा अंदाज मी कोणाचाही, कितीही जुन्या कारागिराचा असला, तरी मानत नाही.

इंजिन चालू होत नसताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टार्टर मारत राहू नये. सायलेन्सर पाण्याने भरतो आणि ते पाणी सिलिंडरमध्ये शिरते. जुन्या टाकीतला गाळ न काढता तिला नवे इंजिन जोडू नये. एक्झॉस्टचा होज जुन्याच मापाचा ठेवू नये, नव्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलाच व्यास घ्यावा.

शेवटी होडी उघड्या पाण्यात नेऊन पूर्ण थ्रॉटल द्यावा. पुस्तिकेत मिनिटाला ३,००० फेरे लिहिले असताना इंजिन २,६०० वरच अडत असेल आणि काळा धूर येत असेल, तर आधी होडीचा तळ आणि पंख्याची पाती स्वच्छ आहेत का ते पाहावे. दोन्ही स्वच्छ असतील तर इंजिनाला दोष न देता पंखा काढून त्याचा पिच कमी करून घ्यावा.