एआयवरच्या, एकाहून अधिक देशांतल्या शोधपत्रकारितेसाठी निधी मागताना

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यात ‘एआयचे दुष्परिणाम’ एवढा विषय होता, प्रश्नच नव्हता. आता मी एकच एआय यंत्रणा धरते: ती कोणी विकली, कोणी घेतली, कोणाचा भत्ता थांबला? २०२३ मध्ये लाइटहाउस रिपोर्ट्स ही शोधपत्रकारिता संस्था आणि वायर्ड मासिकाने नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराचा, कल्याणभत्ता घेणाऱ्यांपैकी कोणाची चौकशी करायची ते सुचवणारा अल्गोरिदम असाच उलगडला.

निधीसाठी पत्रकारांना मदत करणाऱ्या पुलित्झर सेंटरचं एआय अकाउंटेबिलिटी नेटवर्क आधी बघा. युरोपातल्या पत्रकार गटांसाठी जर्नलिझमफंड युरोप ही निधी देणारी संस्था आहे. दुसऱ्या देशातला सहकारी अर्जाआधीच शोधा, आणि तो नावापुरता नको. त्याला तिथली कोणती कागदपत्रं मिळू शकतात, ते स्पष्ट लिहा. खर्चात भाषांतर, डेटा तपासणारा तज्ज्ञ आणि वकील धराच. वकिलाचे पैसे मी एकदा विसरले, तर तयार बातमी अडकून पडली. प्रसिद्धीचं संपादकाचं लेखी आश्वासनही जोडा.