मासळी बिघडते ती बाजार आणि तव्याच्या मधल्या वाटेत: या चुका टाळा

सुरमई चांगली जाड आणली, मसाला नेहमीचाच लावला, तरी तुकडी तव्याला चिकटली आणि रवा एकीकडे, मासा दुसरीकडे झाला. मग दोष मसाल्याला दिला जातो, नाहीतर तव्याला. खरं कारण बहुतेक वेळा त्याआधीच घडून गेलेलं असतं. मासा उन्हात तासभर पिशवीत राहिला, फ्रिजमध्ये स्वतःच्याच पाण्यात बसला, किंवा न निथळता मसाल्यात गेला. उष्णता आणि पाणी, मासळीचे शत्रू हे दोनच. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका यांच्याच आहेत.

टोपलीसमोर उभं राहिल्यावर

नुसते डोळे बघून मासा घेणं ही पहिली चूक. डोळा चकचकीत आणि फुगीर हवा हे खरंच, पण बर्फात दाबून ठेवलेल्या ताज्या माशाचाही डोळा धुरकट दिसू शकतो. कल्ला उचलून बघा. बांगड्याचा, सुरमईचा कल्ला लालभडक आणि ओलसर हवा. विटकरी, तपकिरी किंवा बुळबुळीत झाला असेल तर पुढच्या टोपलीकडे चला. मग पाठीवर बोटाने दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. बोटाचा ठसा तसाच राहिला तर मासा शिळा. पापलेटची आणखी एक खूण आहे: कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबलं की पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर किंवा पिवळट आलं तर नको.

बोंबील गुलाबी झाक असलेला पांढरा, चकचकीत आणि उचलल्यावर अंग धरणारा हवा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. डोकं काळं पडलं असेल किंवा हात लावताच लोंबायला लागलं, तर ती कालची नव्हे, परवाची आहे. चिंबोरी जिवंत आणि हाताला जड लागणारी घ्या. पोटाची बाजू अंगठ्याने दाबून बघा. ती आत गेली तर चिंबोरी नुकतीच कात टाकलेली, आतून पोकळ, मांस कमी. तिसऱ्यांची शिंपली मिटलेली हवी. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली नाही तर ती मेलेली आहे. तिसऱ्या गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका आणि घरी नळाच्या पाण्यात भिजवू नका, दोन्हीत मरतात. वाळू सुटण्यासाठी लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तासभर ठेवा. शिजल्यावरही जी उघडली नाही ती टाकून द्या.

ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा, नवी मुंबईतले दिवाळे, सारसोळे या भागांत खाडीची मासळी मिळते: बोय, निवटी, चिंबोऱ्या, खाडीची कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. चवीला ही सरस, पण खाडीच्या काठालाच ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, हे लक्षात ठेवून मासा नाकाजवळ नेल्याशिवाय घेऊ नका. डिझेल किंवा रॉकेलसारखा वास आला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तो वास मांसात मुरलेला असतो. चिंच, कोकम, लसूण, कशानेही जात नाही.

वाट्यावर मासे घेताना वरचे चार मोठे बघून भाव ठरवू नका. मावशींना वाटा परातीत पसरायला सांगा, खालचे बघा, मगच बोला. किलोवर घेताना साफ करायच्या आधीचं वजन की नंतरचं, हे आधी विचारा. ऑनलाइन मागवणाऱ्यांची फसगत इथेच होते. समजा सालासकट कोळंबी ५०० रुपये किलो आहे. डोकी आणि सालं काढल्यावर जेमतेम अर्धा किलो उरते. म्हणजे सोललेल्या कोळंबीचा खरा भाव हजार रुपये. पाकिटावर सोललेल्या कोळंबीचे ९०० बघून ती महाग समजू नका. मात्र फ्रोजन पाकिटात कोळंबीवर बर्फाचा थर असतो, तेव्हा बर्फ वगळून निव्वळ वजन किती, ते वाचा. आणि सुरमईचं, रावसाचं डोकं टोपलीतच सोडून येऊ नका. कालवणाला खरी चव तेच देतं.

तळहाताएवढंही नसलेलं पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नये. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. ते कमी होत चाललंय म्हणूनच. अंडी घालायच्या आधीच मासा पकडला गेला तर पुढच्या वर्षी टोपलीत काय येणार? पिल्लांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, तर ती पकडण्यात कुणाला रस उरत नाही.

बाजारातून घरापर्यंत

ठाण्यात जांभळी नाक्यावरून मासे घेऊन घोडबंदर रोडने कासारवडवलीला जायचं, तर रविवारी दुपारी तास सहज जातो. एप्रिल-मेमध्ये रिक्षात पायाशी ठेवलेल्या पिशवीतला मासा या तासाभरात चांगलाच तापतो. मासे सगळ्यात शेवटी घ्या, भाजी आणि किराणा आधी. स्टीलचा डबा न्या, कोळणीकडून मूठभर बर्फ मागा, कुणी नाही म्हणत नाही. डबा जाड कापडी पिशवीत किंवा थर्मल बॅगेत ठेवा.

बांगडा, तारली, कुपा आणि थोड्या प्रमाणात सुरमई यांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. हे मासे गरम जागी राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात, "मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे." पुष्कळदा ती अ‍ॅलर्जी नसते, तो मासा उन्हात राहिलेला असतो. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि फ्रीझ करूनही जात नाही. वास किंवा चवही नेहमी बदलत नाही. म्हणून "चांगला कडक तळू, काही होत नाही" हा हिशेब इथे चालत नाही. त्रास वाढला, श्वास जड झाला तर थेट डॉक्टर गाठा.

फ्रिजमध्ये

धुतलेला मासा तसाच पाण्यासकट डब्यात भरून ठेवणं ही घरोघरची चूक. त्या पाण्यात मासा मऊ पडतो आणि वास धरतो. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, स्वच्छ फडक्याने टिपा, डब्याच्या तळाशी जाळी किंवा उलटी वाटी ठेवून वर मासा ठेवा आणि डबा फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा. तापमान ४ अंश सेल्सिअसच्या खाली हवं. असा मासा दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी एका जेवणापुरते भाग करून फ्रीझरमध्ये टाका. कोळंबी तर बुडेल एवढ्या पाण्यात गोठवलेली उत्तम, कोरडी ठेवली तर कडा सुकून पांढऱ्या पडतात.

फ्रीझरमधून बाहेर काढलेलं पाकीट ओट्यावर दुपारभर ठेवू नका. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा. कोमट पाण्यात कधीच नको. आणि एकदा बर्फ सुटलेला मासा पुन्हा गोठवू नका.

तवा

बोंबलाचंच घ्या, कारण तो जमला की बाकी सगळे जमतात. बोंबलात पाणी इतकं की नुसता रवा लावून तळला तर तव्यावरच त्याचं कालवण होतं. डोकं, पर, शेपूट काढा, पोटाच्या बाजूने चीर देऊन मधला काटा काढा आणि तो पुस्तकासारखा उघडा. वर जरासं मीठ भुरभुरा. दोन सुती फडक्यांच्या मध्ये एकेक पसरा, वर ताट ठेवा आणि ताटावर पाटा किंवा पाण्याने भरलेला कुकर. तासभर. उन्हाळ्यात हे सगळं फ्रिजमध्ये करा, कुकरच्या जागी पाण्याचे डबे ठेवा. तासाने खालचं फडकं पिळता येईल इतकं ओलं झालेलं दिसेल. मीठ आधीच लागलंय, तेव्हा मसाल्यात हात आखडता घ्या.

मसाला लावतानाची चूक आंबटाची असते. लिंबू, कोकमाचं आगळ किंवा चिंच लावून मासा दोन-दोन तास ठेवला की मांस बाहेरून पांढरं पडतं, पाणी सोडतं आणि तव्यावर भुसभुशीत होतं. आंबट लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरेत. जास्त मुरवायचं असेल तर हळद, मीठ, लसूण, तिखट आधी लावा आणि आंबट तळायच्या थोडं आधी. आगळात मीठ असतं, ते धरून चाला. पीठ लावून मासा ठेवून देऊ नये, तव्यावर टाकतानाच घोळावा. सुरमईला दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा, बोंबलाला दोन्ही समान, हे आमच्या मते सगळ्यात चांगलं बसतं. नुसता रवा जाड बसतो आणि तेल पितो.

लोखंडी तव्यावर तेल तापलं की चिमूटभर रवा टाका. लगेच फसफसला पाहिजे, पण लगेच काळा पडता कामा नये. थंड तेलात टाकलेला मासा चिकटतो, हमखास. दहा इंची तव्यावर चारच तुकड्या ठेवा. जास्त कोंबल्या की तेल गार पडतं, पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी मासा वाफेवर शिजतो. आच मध्यम, बोटाएवढ्या जाड तुकडीला एका बाजूला तीन ते चार मिनिटं. कडा तांबूस दिसेपर्यंत उलथनं लावायचं नाही. तवा हलवल्यावर तुकडी आपोआप सरकली तर उलटायची वेळ झाली. सरकत नसेल तर अजून अर्धा मिनिट थांबा. काढल्यावर एकावर एक रचू नका, जाळीवर मोकळ्या ठेवा, नाहीतर वाफेने कवच मऊ पडतं.

कोळंबीला एवढाही वेळ लागत नाही. गुलाबी होऊन इंग्रजी 'सी' सारखी वळली की झाली. 'ओ' झाली की चिवट. मध्यम कोळंबीला एकूण तीन-चार मिनिटं पुरतात.

रस्सा

मासा कच्च्या रश्शात टाकून दोन्ही एकत्र उकळवणं, ही चूक. आधी रस्सा पूर्ण शिजवा, कच्चा वास जाऊ द्या, मीठ बघा, मग मंद आचेवर मासे सोडा. बांगड्याला सहा-सात मिनिटं, पापलेटच्या तुकड्यांना त्याहून कमी. पळीने ढवळायचं नाही, टोप दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचा. ओल्या खोबऱ्याचं वाटण थोडी उकळी सोसतं, नारळाचं दूध सोसत नाही. दूध शेवटी घाला आणि कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद करा, नाहीतर फुटतं.

आगरी-कोळी पद्धतीच्या कालवणात बिघाड मसाल्यात होतो. तेलात ठेचलेला लसूण तांबूस झाल्यावर मसाला थेट कडकडीत तेलात पडला की क्षणात करपतो आणि सगळं कालवण कडवट होतं. टोप खाली उतरवा, मसाला घाला, लगेच पाण्याचा हबका मारा, मग पुन्हा गॅसवर. तिरफळं बांगड्याच्या, तारलीच्या रश्शात हवीत, पापलेटात नकोत. आतली काळी बी काढून टाका, साल नुसती ठेचा, वाटणात बारीक करू नका.

पावसाळ्यात आणि हॉटेलात

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा "आजचं पापलेट" असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठलं? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे पुढे तिकडचे मासे बर्फातून इकडे येतात, फ्रोजन तर असतातच. ते वाईट नसतात, पण ताज्याचा भाव त्यांना देऊ नका. या दिवसांत खाडीची मासळी आणि सुकी मासळी बरी. जवळा धुताना चाळणीत ओतू नका. पाण्यात सोडा आणि हाताने वरच्यावर उचलून घ्या, वाळू तळाशी राहते. तीन वेळा. सोडे, सुकट काचेच्या घट्ट बरणीत भरून पावसाळाभर फ्रिजमध्ये ठेवा.

हॉटेलात मेन्यू कार्डवर माशापुढे भाव नसेल, "साइजप्रमाणे" असं असेल, तर मासा बघून, भाव ठरवून मगच ऑर्डर द्या. बिल आल्यावर बोलून उपयोग नसतो. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. शांतपणे काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

पार्सल घेताना तळलेला मासा आणि रस्सा वेगळ्या डब्यांत मागा आणि तळलेल्याच्या झाकणाला दोन भोकं पाडून घ्या, वाफ निघून जाऊ दे. घरी आल्यावर मायक्रोवेव्हमध्ये नको. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट ठेवला की कवच पुन्हा कुरकुरीत होतं.