जांघेतली लाली जात नसेल तर आधी घडी उघडून बघा

गेल्या वर्षी जुलैत आमच्या नातवाला लंगोटाच्या जागी लाल चट्टे उठले, ते पाच आठवडे गेले नाहीत. तेव्हा तो सोळा महिन्यांचा होता. दिवसा खेळायचा, पण लंगोट सोडला की दोन्ही हातांनी तिथं खाजवायला लागायचा. रात्री दोन-अडीचला किंचाळत उठायचा. मी तासगाव तालुक्यात सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे, लहान मुलांच्या अंगावरचं पुरळ, घामोळं, खरूज सगळं पाहिलेलं. तरीही घरच्या लेकराच्या बाबतीत आठवडेच्या आठवडे मी चुकीच्या गोष्टी करत राहिले आणि त्यानं ते सोसलं. म्हणून हे बारकाईनं लिहिते आहे.

पहिल्यांदा लाली कुठं आहे ते बघायला शिका. शी-शूच्या ओलीनं कातडी भिजून जी साधी लाली येते, ती उंचवट्यांवर येते: ढुंगणाचे गोल, मांडीची आतली बाजू, ओटीपोट, म्हणजे ओलं कापड जिथं टेकतं तिथं. जांघेची घडी उघडली तर आतली कातडी चांगली असते. नीट कोरडं ठेवलं की दोन-तीन दिवसांत ही लाली उतरायला लागते. तीन दिवस सगळं नीट करूनही उतरत नसेल, किंवा लाली घडीच्या आतच असेल, तर ती साधी नाही, असं धरून चालायचं.

आमच्याकडं हे मला मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी दाखवलं. त्यांनी हात धुतले, नातवाला माझ्या मांडीवर उताणं झोपवायला सांगितलं, दोन बोटांनी जांघेची घडी हलकेच फाकवली आणि म्हणाल्या, "आजी, इथं बघा." घडीच्या तळाशी कातडी लालबुंद, ओलसर चकाकत होती. कडेला पांढरट पापुद्रा होता. आणि मोठ्या चट्ट्याच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, मोहरीएवढे लाल ठिपके सुटे सुटे पसरलेले. उसाच्या पानावर तांबेरा पसरताना आधी असेच ठिपके दिसतात. तांबेराही बुरशीच आणि हीसुद्धा बुरशीच, कँडिडा नावाची. ती आपल्या सगळ्यांच्या आतड्यात थोडीफार असतेच. ऊब, ओल आणि सोललेली कातडी मिळाली की तिथं माजते.

मॅडमनी विचारलं, "मध्यंतरी अँटिबायोटिक झालंय का?" झालं होतं. जूनच्या शेवटी कान दुखत होता म्हणून पाच दिवसांचं औषध झालं, त्यानं पातळ शी सुरू झाली आणि आठवड्यात लाली आली. अँटिबायोटिकनं वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. हा धागा आमच्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्यातून सांगलीचा पाऊस. आठ-आठ दिवस ऊन नाही, लंगोट दांडीवर दोन दोन दिवस दमट लटकलेले, आणि आम्ही तेच "सुकलेत की" म्हणून बांधत होतो. शेजारीपाजारी सगळ्यांचं एकच, दात येताहेत म्हणून होतंय. माझी सून पहिल्यापासून म्हणत होती, "आई, हे दातांचं नाही." तिचं ऐकायला हवं होतं.

आता हळदीचं सांगते. हळदीच्या गावात राहून हे लिहिताना जड जातं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जखमेवर हळदच लावली जाते. मीही खोबरेल तेलात हळद कालवून नातवाला लावली. सोललेल्या ओल्या जागेवर ती पूड खरखरीत लागते, झोंबते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कातडी पिवळी होते. खाली लाली वाढते आहे की उतरते आहे हे कळत नाही. मॅडमना तपासायच्या आधी तो पिवळा थर तेलाच्या बोळ्यानं काढावा लागला आणि तोवर पोर रडून रडून निळं झालं. हळद भाजीत घाला, लेकराच्या जांघेत नको.

पण माझी खरी मोठी चूक ट्यूबची. तिसऱ्या आठवड्यात मी मेडिकलमध्ये जाऊन "बाळाला खाज आहे, काहीतरी द्या" म्हटलं आणि एक ट्यूब मिळाली. लावली, दोन दिवसांत लाली फिकी झाली, मला वाटलं सुटलो. ट्यूब थांबवल्यावर चौथ्या दिवशी दुप्पट लाली. पुन्हा लावली, पुन्हा फिकी, थांबवली की पुन्हा वर. असं तीन वेळा झालं. मॅडमनी ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं: तीन औषधांचं मिश्रण, त्यात एक जबरी स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण कातडीचा प्रतिकारही दाबतं, मग बुरशी आतून निवांत वाढते. लहान मुलाची कातडी पातळ, वरून लंगोट नाहीतर डायपर घट्ट, त्यामुळं औषध मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त आत शिरतं. कातडी आणखी पातळ होते, औषध अंगात उतरतं. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांतला एकही शब्द असेल तर ती आपल्या मनानं लावायची नाही. चष्मा लावून वाचा, नाहीतर मुलाला-सुनेला वाचायला सांगा. कधी कधी डॉक्टर स्वतः हलकं स्टेरॉइड मोजून थोड्या दिवसांसाठी देतात, ती गोष्ट वेगळी.

आम्हाला क्लोट्रिमाझोलची साधी क्रीम दिली, बुरशीची, दुसरं काही न मिसळलेली. दिवसातून दोनदा, पातळ. घडीच्या आत आणि सुट्या ठिपक्यांच्याही थोडं पलीकडं. ती मुरली की वरून झिंक ऑक्साइडचं मलम. हे मात्र पोळीला तूप लावल्यासारखं नाही, भाकरीवर लोण्याचा गोळा पसरावा तसं जाड, खालची कातडी दिसायची नाही इतकं. त्याचं काम औषधाचं नाही, आडोशाचं आहे, शी-शू कातडीला लागू न देणं एवढंच. लोक इथं एक चूक करतात. दर वेळी सगळं मलम खरडून धुऊन काढतात आणि कातडी पुन्हा सोलतात. घाण लागलेला वरचा थर तेवढा तेलाच्या बोळ्यानं पुसा, खालचा पांढरा थर राहू द्या, वर नवा चढवा. पूर्ण धुणं दिवसातून एकदा आंघोळीला पुरतं.

तिसऱ्या दिवशी रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला. लाली आठवड्यात गेली, पण क्रीम मॅडमनी सांगितली तितके दिवस, पुरते दोन आठवडे लावली. दिसायला बरं झालं म्हणून मध्येच सोडलं तर बुरशी उरलेली असते.

धुण्या-पुसण्याचं म्हणाल तर कोमट पाणी आणि कापूस. साबण नाही, वासाचे ओले टिश्यू नाहीत, जंतुनाशकाचे थेंब तर मुळीच नाहीत, आणि ही जागा बरी होईपर्यंत आंघोळीला डाळीचं पीठसुद्धा नाही. पुसताना घासायचं नाही, जुनं मऊ सुती कापड टेकवून टिपायचं. मुलगी असेल तर पुढून मागं पुसायचं, उलटं कधीच नाही. मुलगा असेल तर शूच्या जागेची कातडी मागं ओढून साफ करायची नाही. आपल्याकडं मालिश करणाऱ्या बायका हे हक्कानं करतात, त्यांना स्पष्ट सांगा. पावडरही बंद. ओलीत तिचे गोळे होतात, घडीत घासतात, आणि उडालेली पूड लेकराच्या छातीत जाते.

करदोडा काढला. तो सतत ओला राहून कमरेला घासत होता, खाली लाल रेघ पडली होती. सासूबाई नाराज झाल्या. त्या पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांचं मन मोडायचं नव्हतं. करदोडा धुऊन, वाळवून त्यांच्याच हातानं पाळण्याला बांधला.

लंगोट की डायपर यावर घराघरात भांडणं होतात. माझं मत असं, की लाली असताना दोन्ही चालतात, ओल चालत नाही. कापडी लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी घालणं सगळ्यात वाईट, आत वाफारा धरतो. डायपर असेल तर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की त्याच क्षणी. "अजून भरला नाही" हा हिशेब लाली असताना करायचा नाही. लंगोट असतील तर गरम पाण्यात धुवा, फेस जाईपर्यंत खळबळून काढा, कारण कापडात राहिलेला साबण पुन्हा ओल लागली की कातडीला झोंबतो. कापड मऊ करायची वासाची औषधं वगळा. पावसाळ्यात दांडीवरचा लंगोट हाताला कोरडा लागला तरी गालाला लावून बघा, गार लागला तर तो दमट आहे. आम्ही रोज रात्री सगळे लंगोट इस्त्री करायला लागलो. इस्त्री फिरवताना वाफ निघाली, की कळायचं आपण काय बांधत होतो ते.

आणि मोकळं ठेवायचं. दिवसातून तीनदा, वीस-तीस मिनिटं, काही न बांधता. फरशीवर मेणकापड, त्यावर जुन्या सुती साडीची चौघडी. तो काही एका जागी बसायचा नाही, घरभर फिरायचा, शू करायचा, मी फडकं घेऊन मागं. फरशी पुसता येते. जितका वेळ वारा लागेल तितकी कातडी लवकर भरते.

आता खाजेचं वेगळं सांगायला हवं, कारण प्रत्येक खाज बुरशीची नसते. अंगणवाडीत मी जे सगळ्यात जास्त पाहिलं ते जंत. फक्त शीच्या जागेभोवती खाज आणि तीही रात्री, तर मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन ती जागा हलकेच उघडून बघा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक किडे हलताना दिसतात. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून रात्रीच खाज. मूल खाजवतं, अंडी नखात जातात, नखं तोंडात, की पुन्हा पहिल्यापासून. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती एक वर्षापासून पुढच्या मुलांना, दोन वर्षांच्या आत अर्धी, चुरून. हे दोरकृमी असतील तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. नखं कापायची, सकाळी उठल्या उठल्या ढुंगण धुवायचं, चादरी गरम पाण्यात टाकायच्या.

दुसरी खरूज. घरात आणखी कुणी रात्री खाजवतंय का, हे विचारा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आणि लहान मुलाच्या तळहात-तळपायांवरसुद्धा असतील, तर लंगोटाच्या जागची क्रीम बदलत बसून काही होणार नाही. पर्मेथ्रिनचं औषध घरातल्या प्रत्येकाला, खाज असो-नसो, एकाच रात्री लावावं लागतं, आणि आठवड्यानं पुन्हा. कपडे-अंथरूण त्याच दिवशी गरम पाण्यात. एकानं लावलं आणि दुसरा राहिला, की खरूज फिरून घरात. वस्तीवर ही गोष्ट पटवून देताना माझा घसा बसायचा.

काही वेळा मात्र थांबायचंच नाही, लगेच डॉक्टरांकडं जायचं. ताप, पू, फोड, पिवळ्या खपल्या, रक्त. शीच्या जागेभोवती रेखीव लालभडक कडं आणि शी करताना मूल कळवळतंय. हे जंतूंचं असू शकतं आणि त्याला पोटातून औषध लागतं. तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे, सोबत जुलाब, केस गळणं. झिंकच्या कमतरतेत असं दिसतं. वजन वाढत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, अंगणवाडीचं कार्ड सोबत न्या. तोंडात पांढरे चट्टे आहेत का बघा, बुरशी तिथंही असते.

डॉक्टरांकडं जाताना त्या दिवशी काही लावू नका, स्वच्छ कातडी दिसू द्या. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, लाज वाटली तरी. माझ्या पिशवीत चार निघाल्या. रोज एकाच जागी, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा. सुनेनं तसे काढले होते, म्हणून ट्यूबनं लाली कशी वरखाली झाली ते मॅडमना एका नजरेत कळलं.

नोव्हेंबरात नातवाला छातीसाठी पुन्हा अँटिबायोटिक लागलं. या वेळी पहिल्याच डोसापासून दर बदलाला झिंकचा थर सुरू केला आणि रोज सकाळी घडी उघडून बघितली. चौथ्या दिवशी उजव्या जांघेत बारीक लाल रेघ दिसली, शेजारी दोन ठिपके. फोटो काढून मॅडमना पाठवला, दुपारी क्लोट्रिमाझोल सुरू केलं. रात्री तो उठला नाही.