रोमन अवशेष बघायला जाताय? पुस्तकातले फोटो नका बघू, प्लॅन बघा

जळगाव-धुळ्याकडून इटली-टर्कीच्या टूर करणारे आता चिकार झालेत आणि परत आल्यावर बहुतेकांची एकच तक्रार असते, "दगडच दगड होते भो, कुठं काय होतं काही कळलंच नाही." कळणार तरी कसं, गाईडच्या मागे कानात इअरफोन घालून पळायचं, कोलोसियमसमोर फोटो काढायचा की लगेच बसमध्ये. यासाठी जायच्या आधीच एक धड पुस्तक आणि एक धड नकाशा हातात पाहिजे. ते निवडायचं कसं तेवढं सांगतो.

पुस्तक चाळताना फोटोंकडे बघूच नका, फोटो काय, आपल्या मोबाईलमध्ये ढीगभर येतात. बघायचा तो प्लॅन, म्हणजे भिंती, खांब, दारं, जिने वरून पाहिल्यासारखे काढलेली आकृती. त्यावर उत्तरेचा बाण हवा, स्केल हवं आणि प्लॅनवरचे नंबर शेजारच्या मजकुराशी जुळायला हवेत. कुठलं बांधकाम कोणत्या काळातलं हे वेगळ्या शेडने दाखवलं असेल तर मग डोळे झाकून घ्या, कारण रोमन जागा एका दमात बांधलेली नसते, एकावर एक दोन-तीनशे वर्षांचं काम चढलेलं असतं. आपल्या अजिंठ्यात नाही का, गेलं की १ नंबरची लेणी आधी लागते, पण ९ आणि १० नंबरच्या तिच्याहून कितीतरी शतकं जुन्या, नंबर रस्त्याच्या क्रमाने दिलेत, काळाच्या नाही. हे ज्याला कुणी सांगितलं नाही तो सगळं उलटंच समजून घरी येतो.

पुस्तक खरं की नुसतं चकचकीत हे ओळखायची एक सोपी ट्रिक आहे. रोममधल्या पँथिऑन या जुन्या देवळाचं पान उघडा. इमारतीवर मोठ्या अक्षरात अग्रिप्पा या रोमन सेनापतीने बांधली असं कोरलंय, पण आज उभी आहे ती इमारत अग्रिप्पाची नाहीच, ती नंतरच्या हेड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झाली, साधारण इ.स. १२५ च्या आसपास, जुन्याचं नाव तेवढं तसंच ठेवलं. जे पुस्तक "अग्रिप्पाने बांधलं" एवढं सांगून पुढे सरकतं ते परत कपाटात ठेवा. पुस्तक किती ताजं आहे हे बघायचं तर पॉम्पेईचं, म्हणजे इटलीतल्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या रोमन गावाचं पान काढा. इ.स. ७९ साली तो ज्वालामुखी फुटला त्याची तारीख २४ ऑगस्ट असं वर्षानुवर्षं छापत आले, पण २०१८ मध्ये तिथं कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्यावर ऑक्टोबरमधली तारीख होती आणि वाद नव्याने पेटला. पुस्तकात या वादाचा उल्लेखच नसेल तर समजायचं की जुनाच माल नव्या कव्हरमध्ये घालून विकताय.

रोम शहरासाठी मी सरळ अमांडा क्लॅरिजचं ऑक्सफर्डचं आर्किऑलॉजिकल गाईड सुचवीन, दुसरी आवृत्ती २०१० ची आहे तीच बघा, पहिली १९९८ ची. एकेक एरिया घेऊन चालत चालत बघायच्या हिशोबाने लिहिलंय आणि प्लॅन भरपूर. फिलिप्पो कोआरेल्लीचं गाईड त्याहून जड, पण त्यात रोमच्या आसपासचा भागही येतो, ज्याला इतिहासाचा किडा आहे त्यानेच ते घ्यावं. दोन्ही इंग्लिशमध्ये, आणि अशी पुस्तकं जळगावच्या दुकानात अचानक दिसणार नाहीत, ऑनलाईन मागवावी लागतील, परदेशातून यायची असली तर वेळ खातात, म्हणून व्हिसाच्या कागदांबरोबरच ऑर्डर टाका. आणि मागवायच्या आधी गुगल बुक्सवर काही पानं फुकट दिसताय का बघा, दिसली तर वरच्या दोन्ही टेस्ट तिथंच करून टाका. तिकडे स्टॉलवर ती पारदर्शक प्लास्टिकची पानं असलेली पुस्तकं मिळतात, पान टाकलं की पडकं देऊळ अख्खं दिसतं, पोरांना जाम आवडतात, घ्या खुशाल, पण त्यातला बराच भाग अंदाजाने रंगवलेला असतो हे ध्यानात ठेवा.

रोमबाहेर जाणार असाल तर आधी एक शोधा, तिथं खोदकाम कोण करतं. खोदणाऱ्या लोकांनी स्वतः लिहिलेलं किंवा जागा सांभाळणाऱ्या संस्थेने छापलेलं गाईड बहुतेक वेळा सगळ्यात भारी असतं. टर्कीतल्या इफेसस या जुन्या शहरात ऑस्ट्रियाच्या लोकांनी १८९५ पासून कित्येक वर्षं खोदकाम केलं, म्हणून तिथलं गाईड शोधताना ऑस्ट्रियन आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूटचं नाव टाकून शोधा. इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीवरच्या काही जागा इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहेत, त्यांची स्वतःची छोटी गाईडं निघतात.

फुकटातलं पण आहे. प्लॅटनर आणि अॅश्बीचा १९२९ चा रोमच्या जागांचा कोश ऑनलाईन आहे, बेडेकर नावाची शंभर वर्षांपूर्वीची प्रवासी गाईडं इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वेबसाईटवर पडलीत. घरी बसून वाचायला मजा, पण त्यांचे नकाशे घेऊन रस्त्यावर उतरू नका, कोलोसियमपासून निघणारा तो मोठा सरळ रस्ता १९३२ मध्ये उघडला, त्यासाठी अख्खी वस्ती पाडली, आधीच्या नकाशात तिथं घरंच घरं दिसतील.

आता नकाशे. अख्ख्या साम्राज्यात कुठली जागा कुठं ते बघायला बॅरिंग्टन अॅटलास आहे, २००० साली आला, पण तो टेबलावर ठेवून बघायचा ठोकळा, आणि गावाच्या आतली गल्ली त्यात नाही मिळणार. त्याच्याच माहितीवर उभी राहिलेली प्लेयाडीज नावाची वेबसाईट फुकट आहे, नाव टाका, जागा नकाशावर दाखवते. जागेच्या आत फिरायला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एखादं ऑफलाईन अॅप घरच्या वायफायवर भरून घ्या, मोठ्या साईटवरच्या वाटा त्यात बऱ्यापैकी असतात.

पॉम्पेईसाठी मात्र कागदच पाहिजे. पॉम्पेईच्या अधिकृत वेबसाईटवर नकाशा आणि छोटं गाईड पीडीएफमध्ये मिळतं, ते झेरॉक्सवाल्याकडून ए थ्री वर काढा, ए फोर वर अक्षरं मुंगीएवढी येतात. तिथला पत्ता वाचायची पद्धत आधी शिकून घ्या, म्हणजे निम्मं काम झालं. ज्युसेप्पे फिओरेल्लीने १८५८ मध्ये ही पद्धत बसवली, गावाचे नऊ रेजिओ म्हणजे विभाग, विभागात इन्सुला म्हणजे घरांचे चौक, आणि चौकातल्या प्रत्येक दाराला नंबर. म्हणजे ६-१२-२ म्हटलं की सहावा विभाग, बारावा चौक, दुसरं दार, तिथं हाऊस ऑफ द फॉन हे प्रसिद्ध घर. विभागाचा आकडा रोमन अंकात असतो आणि चौकाच्या कोपऱ्यांवर पाट्या लावल्यात. पुस्तकातही घरांपुढे हे आकडे दिलेत का बघा, नसतील तर ते पुस्तक तिथं उभं राहून काही कामाचं नाही. आणि कुठलं घर बंद, कुठलं उघडं हे सारखं बदलतं. वेत्ती बंधूंचं घर कित्येक वर्षं बंद होतं, २०२३ च्या जानेवारीत उघडलं, जुन्या गाईडवर विसंबणारे अजून त्याच्या दारावरून पुढे निघून जातील. म्हणून निघायच्या आठवड्यात वेबसाईटवरची यादी परत बघा आणि उघडी घरं प्रिंटवर पेनाने गोल करा.

ग्रुप टूर असली तर टूरवाल्याला दोन गोष्टी आधीच विचारा, पॉम्पेईत आत वेळ किती देणार आणि गेट कुठलं. पोर्ता मरिना किंवा पियात्सा एसेद्राकडून शिरलात तर फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौक, जवळ पडतो, अॅम्फिथिएटर पार पूर्वेच्या टोकाला, आणि व्हिला ऑफ द मिस्टरीज नावाचा वाडा तर तटबंदीच्याही बाहेर वायव्येला. दोन तासात हे तिन्ही होणार नाही, त्यामुळे काय सोडायचं ते घरीच ठरवा आणि त्याच कागदावर काट मारून ठेवा.