दोन इंचांचा 'शार्क' फूटभर झाला तेव्हा

क्रॉफर्ड मार्केटमधून लेकीच्या हट्टापायी दोन 'शार्क' आणले. दुकानदार म्हणाला, "टाकीएवढेच वाढतात, साहेब." साफ खोटं! हा शार्क नव्हेच, मेकाँग नदीतला पंगास. हॉटेलात 'बासा' म्हणून खातो त्याचाच भाऊबंद. मोठा झाला की मीटरभराच्या पुढे जातो.

आमची टाकी दोन फुटी, जेमतेम ५५ लिटरची. दीड वर्षात मासे फूटभर झाले. वळताना नाक काचेवर आपटायचं, दिवा लावला की धडपड. फिल्टर पुरेना, पाणी गढूळ. दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदलत होतो, पण ती निव्वळ मलमपट्टी.

सहा फुटी टाकी घ्यावी तर ६×२×२ म्हणजे जवळपास ६८० लिटर, तेवढेच किलो, वर काचेचं वजन वेगळं. भांडुपच्या आमच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर? बायकोने नुसतं बघितलं. शेजारचे काका म्हणाले, पवई तलावात सोड. ते मात्र करू नका. परका मासा तलावात गेला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

शेवटी मित्राच्या कर्जतच्या वाडीतला सिमेंटचा बंदिस्त हौद मिळाला. आदल्या दिवशी खाणं बंद. पिशवी वापरली नाही, कारण यांच्या परांचे काटे प्लॅस्टिक फाडतात, जाळीतही अडकतात. झाकणाचा ड्रम, टाकीचंच पाणी, बॅटरीवरचा एअर पंप. तिथे तासभर हौदाचं पाणी थोडंथोडं ड्रममध्ये घालत राहिलो, मग सोडले.

आता टाकीत आठ गप्पी आहेत. बारा होतील, तेही कळतंय.