वेबसाइटचा मेनू ठरवायचाय? मग आधी चिठ्ठ्या नीट लिहा

साइट पाच-दहा पानांची असेल तर हा लेख सोडून द्या, तुम्हाला गरज नाही. पण पानं पन्नास-शंभर झाली की मेनू मीटिंगमध्ये बसून ठरवायचा नाही. मी एका नगरपरिषदेच्या साइटला हेच केलं होतं. प्रत्येक खात्याला एक टॅब, सगळे साहेब खूश, आणि जन्म दाखला आरोग्य विभागाच्या आत, कारण त्यांच्याकडे नोंद तिथे होते. आता घरी बाळ झालेला माणूस आरोग्य विभागावर कशाला क्लिक करेल? तो सरळ खिडकीवर यायचा आणि खिडकीवरच्या मॅडम मला फोन करायच्या.

तेव्हापासून मी कार्ड सॉर्टिंगच करते. म्हणजे साइटवरची एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहायची, लोकांना गठ्ठे करायला सांगायचे, आणि गठ्ठ्यांना नावंही त्यांनीच द्यायची.

साइटवर काय काय आहे त्याची एक्सेलमध्ये यादी करा. कंटाळवाणं काम आहे, उरका. त्यातून चाळीसेक गोष्टी निवडा. साठच्या वर गेलात की लोक शेवटच्या चिठ्ठ्या मिळेल तिथे कोंबतात. कार्डशीटचे व्हिजिटिंग कार्डाएवढे तुकडे कापा. ऑनलाइन टूल्स आहेत, पण पहिल्या वेळी कागदच घ्या, कारण माणूस चिठ्ठी हातात धरून जे पुटपुटतो ते टूलमध्ये ऐकू येत नाही.

आता चिठ्ठीवर काय लिहायचं. इथे मी तोंडावर आपटलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी पानांची शीर्षकं जशीच्या तशी उतरवली होती. जन्म दाखला, मृत्यू दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला वगैरे. बारा जण बसवले, बाराही जणांनी दोन मिनिटांत 'दाखले' असा गठ्ठा केला, आणि मी म्हटलं वा, काय एकमत आहे! टॅब केला, साइट लाइव्ह. आणि मग कळलं की फ्लॅट विकायला निघालेला माणूस थकबाकीचा दाखला घरपट्टीत शोधतोय, तिथे तो नाही, आणि परत खिडकी, परत फोन. बारा जणांनी विचार केलाच नव्हता, त्यांनी फक्त 'दाखला' या शब्दाला 'दाखला' जुळवला होता, रमीत पानं लावतात तसा. आणि तो शब्द त्यांच्या हातात मीच दिला होता.

मग मी शहाणपणा करून लिहिलं 'घरपट्टी बाकी नसल्याचं पत्र'. हेही चूकच! आता ती चिठ्ठी 'घरपट्टी भरणे'ला जाऊन चिकटली, म्हणजे उत्तर पुन्हा मीच फोडलं. शेवटी जमलं ते असं: 'फ्लॅट विकताना लागतं ते, काही देणं नसल्याचं पत्र'. लांबलचक आहे, ओबडधोबड आहे, चालतं. चिठ्ठीवरचं वाक्य मेनूत जाणार नसतं, त्यामुळे तिथे सुबकपणा करत बसू नका. माझा नियम असा की एकच ठळक शब्द दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्यांवर दिसला तर चिठ्ठ्या परत लिहायच्या. क्लायंट म्हणतो शासकीय शब्द बदलता येत नाही, त्याला सांगा पानावर ठेवा तुमचा शब्द, चिठ्ठीवर माझा.

लोक गठ्ठे करत असताना गप्प बसा. एका रिक्षावाल्या काकांनी 'झाड तोडायची परवानगी' ही चिठ्ठी परवान्यांत न टाकता भटकी कुत्री आणि तुंबलेलं गटार यांच्यासोबत ठेवली. मी ती चूक म्हणून सोडून देणार होते, पण सहज विचारलं तर म्हणाले, "अहो ताई, या तिन्हीला इथून माणूस पाठवावा लागतो ना." बरोबरच होतं की! हे वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवायचं, आपल्या भाषेत सुधारून नाही.

किती माणसं? 'पाच पुरतात' असं कुणीतरी नक्की सांगेल. तो पाचाचा आकडा तयार साइट वापरून बघण्याच्या टेस्टचा आहे. कार्ड सॉर्टिंगसाठी, ज्यांच्या नावावर तो आकडा सांगतात त्या वेबसाइट-तज्ज्ञ जेकब नीलसन यांनीच २००४ मध्ये पंधरा जण घ्या असं सांगितलं. आणि मेनूत सातच गोष्टी हव्यात असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो 'सात अधिक-उणे दोन' लक्षात ठेवण्याबद्दलचा आहे, मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, पाठ कुठे करायचाय.

मग एक्सेलमध्ये तक्ता, कुठल्या दोन चिठ्ठ्या किती जणांनी एकत्र ठेवल्या त्याचा. ज्यावर सगळे एकमत आहेत ते पाच मिनिटांत लागतं. जिथे निम्मे इकडे निम्मे तिकडे, तिथे बहुमत मोजत बसू नका, दोन्ही ठिकाणी लिंक द्या. पान एकच ठेवायचं, वाटा दोन.

शेवटी नुसत्या नावांचा मेनू कागदावर मांडून नव्या माणसांना, आधीच्या नाही, कामं द्या. "जन्म दाखला कुठे मिळेल?" असं विचारलंत तर परत तीच शब्द जुळवाजुळव. "भाचीला मुलगी झालीय, आधार काढायला कागद हवाय, कुठे बघाल?" असं विचारा आणि बोट पहिल्यांदा कुठे जातं ते लिहून घ्या.

माहिती अधिकाराच्या कलम ४ ची पानं (कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची माहिती), निविदा वगैरे खाली फुटरमध्ये टाकली तरी चालतात. त्यावरूनही मीटिंगमध्ये वाद होईल, पण ठेकेदाराला निविदा सापडली नाही असं मी अजून ऐकलेलं नाही.